एव्हा कोलस्टाड

एव्हा कोलस्टाड (माहेरचे आडनाव लुंडेगार्ड, जन्म : ६ मे १९१८, हाल्डेन, मृत्यू : २६ मार्च १९९९, ऑस्लो) या नॉर्वेतील लेखापरीक्षक, राजकारणी आणि महिला हक्क चळवळीच्या नेत्या होत्या. १९५६ ते १९६८ या काळात त्या नॉर्वेजियन महिला हक्क संघटनेच्या अध्यक्षा, १९७२-७३ मध्ये केंद्रीय मंत्री आणि १९७४ ते १९७६ या काळात व्हेन्स्ट्रे या उदारमतवादी पक्षाच्या अध्यक्षा होत्या. १९७८ मध्ये नॉर्वेने स्त्री-पुरुष समानतेच्या कायद्याच्या अंमलबजावणीसाठी स्वतंत्र ‘समानता ऑम्बुड’ हे पद निर्माण केले आणि त्या पदावर कोलस्टाड यांची नेमणूक झाली. अशा प्रकारचे हे जगातील पहिले पद मानले जाते. १९८८ पर्यंत त्या या पदावर होत्या.

कोलस्टाड यांचा उल्लेख पुष्कळदा ‘पहिल्या ऑम्बुड’ एवढ्यावरच संपतो. परंतु त्यांच्या कार्याचे वैशिष्ट्य पदाच्या पहिलेपणात नाही. स्त्रियांना मताधिकार मिळून अर्धशतक उलटले तरी सत्ता, वेतन आणि कर यांच्या हिशेबात त्या कोठे आहेत, हा प्रश्न त्यांनी लावून धरला. कायद्यातील समानता आणि प्रत्यक्षातील समानता यांतील तफावत त्यांनी आकड्यांत मांडली व ती भरून काढण्यासाठी शासकीय यंत्रणा उभी राहावी असा आग्रह धरला.

पार्श्वभूमी आणि व्यवसाय

कोलस्टाड यांचा जन्म स्वीडनच्या सीमेलगत असलेल्या हाल्डेन या गावी झाला. वाणिज्य शाखेचे शिक्षण घेऊन त्या हिशेबनिशीच्या व्यवसायात आल्या, त्यांनी हा विषय शिकविलाही आणि पुढे नोंदणीकृत लेखापरीक्षक म्हणून काम केले. त्या काळी नॉर्वेत या व्यवसायात स्त्रिया फार थोड्या होत्या. काही ठिकाणी त्यांची नोंद अर्थतज्ज्ञ म्हणून केलेली आढळते. मात्र त्यांचे काम आर्थिक सिद्धान्तापेक्षा जमाखर्चाच्या वह्यांशी निगडित होते, हे ध्यानात घेतले पाहिजे. त्यांच्या सार्वजनिक जीवनातील पुष्कळ गोष्टींचा उलगडा या एका तपशिलाने होतो.

त्या चळवळीत आल्या त्या सुमारास नॉर्वेतील स्त्रियांचे राजकीय हक्क पूर्ण झालेले होते. १९०१ मध्ये मर्यादित आणि १९१० मध्ये सार्वत्रिक स्वरूपात त्यांना स्थानिक निवडणुकांत मताधिकार मिळाला होता. १९१३ मध्ये संसदेच्या निवडणुकीतही पुरुषांच्या बरोबरीचा मताधिकार मिळाला. सार्वभौम राष्ट्रांमध्ये हा हक्क सर्व स्त्रियांना देणारा नॉर्वे हा पहिला देश म्हणून ओळखला जातो. तथापि दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत या देशातील विवाहित स्त्री प्रामुख्याने गृहिणीच होती. १९६० च्या जनगणनेत नोकरी-व्यवसाय करणाऱ्या विवाहित स्त्रियांचे प्रमाण दहांत एकाहूनही कमी नोंदले गेले. पश्चिम युरोपातील देशांत हे प्रमाण अत्यल्प म्हणावे लागेल. शेतावर किंवा पतीच्या दुकानात राबणारी स्त्री अशा मोजणीत बहुधा गृहिणी म्हणूनच धरली जात असे, हेही येथे नमूद करावयास हवे.

संयुक्त कराचा प्रश्न

कोलस्टाड यांच्या पिढीतील महिला चळवळीपुढे जे प्रश्न होते त्यांत पतिपत्नींच्या संयुक्त कर-आकारणीचा प्रश्न महत्त्वाचा होता. लेखापरीक्षकाच्या दृष्टीने तो नेमका काय होता हे समजून घेणे आवश्यक आहे.

विवाहित स्त्रीला स्वतःच्या कमाईवर अधिकार देणारा कायदा नॉर्वेत १८८८ सालीच झाला होता. १९२७ च्या कायद्याने पतिपत्नींना संपत्तीच्या बाबतीत समान स्थान दिले. करखात्याच्या लेखी मात्र दोघे मिळून एकच करदाता होता. पत्नीचे उत्पन्न पतीच्या उत्पन्नात मिळविले जाई आणि उत्पन्न वाढेल तसा दर वाढविणाऱ्या करपद्धतीमुळे या एकत्रित रकमेवर चढ्या दराने कर बसे. पतीच्या पगारावर जेथे कर-आकारणी संपत असे तेथून पत्नीच्या पगारावरील आकारणी सुरू होई. परिणामी तिच्या कमाईतील मोठा भाग करात जाई, मुलांना सांभाळण्याचा खर्च वेगळाच; आणि ‘नोकरी परवडत नाही’ या निष्कर्षाला अनेक कुटुंबे पोहोचत. अविवाहित राहून तेवढेच कमावणाऱ्या दोघांना कमी कर पडे. त्यांनी एकत्र राहून संसार करावा म्हटले तर लग्नावाचून सहवास हा दंडसंहितेनुसार १९७२ पर्यंत गुन्हा होता. या कलमाचा वापर फारसा होत नसला तरी ते पुस्तकात होतेच.

म्हणजे स्त्रीने नोकरी करू नये असे कोणताही कायदा सांगत नव्हता. कराचे कोष्टक ते काम करीत होते. १९५९ मध्ये संसदेने कायद्यात दुरुस्ती करून पतिपत्नींच्या उत्पन्नावर स्वतंत्रपणे कर-आकारणी होण्याचा मार्ग मोकळा केला. याच वर्षी नॉर्वेने समान वेतनासंबंधीच्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १०० व्या संकेतास मान्यता दिली आणि समान वेतन परिषद स्थापन झाली. १९६१ मध्ये कामगार महासंघ आणि मालक संघटना यांच्यात करार होऊन स्त्रियांसाठी असलेले वेगळे वेतनदर टप्प्याटप्प्याने रद्द करण्याचे ठरले. हे बदल अर्थातच एका व्यक्तीने वा एका संघटनेने घडविले नाहीत. मजूर पक्षातील आणि कामगार संघटनांतील स्त्रियांचा त्यांत मोठा वाटा होता.

महिला हक्क संघटनेचे अध्यक्षपद

नॉर्वेजियन महिला हक्क संघटनेची स्थापना १८८४ मध्ये गीना क्रोग आणि हागबार्ड बेर्नर यांच्या पुढाकाराने झाली. बेर्नर हे व्हेन्स्ट्रे पक्षाचे राजकारणी आणि संघटनेचे पहिले अध्यक्ष. व्हेन्स्ट्रे पक्षही त्याच वर्षी स्थापन झाला होता. सुशिक्षित मध्यमवर्गातील स्त्रीपुरुष, पक्षनिरपेक्ष धोरण आणि कायदा-सुधारणेवरील भर ही संघटनेची परंपरागत ओळख होती. जर्मन आधिपत्याच्या काळात तिचे काम थांबले आणि युद्धानंतर ती पुन्हा उभी राहिली. १९५६ मध्ये कोलस्टाड अध्यक्षा झाल्या तेव्हा ‘स्त्रियांना आता आणखी काय हवे?’ असा सूर समाजात होता. मताधिकार होता, शिक्षण होते, पदे कायद्याने खुली होती. १९५६ मध्येच धर्मोपदेशकपदावरील स्त्रियांच्या नेमणुकीला आडवी येणारी तरतूदही काढून टाकण्यात आली. अशा काळात चळवळ जिवंत ठेवणे हे लढ्याच्या दिवसांहून अवघड असते.

कोलस्टाड यांनी १२ वर्षे अध्यक्षपद सांभाळले. या कालखंडातील सर्वांत परिणामकारक काम म्हणजे नगरपालिका व ग्रामीण स्थानिक परिषदांमध्ये स्त्रियांची संख्या वाढविण्याची मोहीम. १९६३ च्या स्थानिक निवडणुकीत निवडून आलेल्या सदस्यांत स्त्रिया सुमारे ६ टक्के होत्या. शाळा, पाणीपुरवठा, वृद्धांची काळजी, बालवाड्या हे सारे विषय या परिषदांच्या हाती होते आणि या कामांचा भार प्रत्यक्षात स्त्रियांवर होता.

१९६७ च्या निवडणुकीपूर्वी महिला संघटनांनी एकत्र येऊन प्रचार केला. पक्षांनी याद्यांमध्ये स्त्रियांना वरचे स्थान द्यावे आणि मतदारांनी त्यांना निवडावे, असे त्याचे दुहेरी स्वरूप होते. निकालानंतर स्त्रियांचे प्रमाण साडेनऊ टक्क्यांच्या आसपास गेले. एका निवडणुकीत झालेली ही वाढ जवळजवळ दीडपट होती. संख्या म्हणून ती लहान दिसते, पण मागील अनेक निवडणुकांत ती ज्या गतीने सरकत होती ते पाहता तिचे महत्त्व कळते.

या मोहिमेचा पुढचा अंक १९७१ मध्ये घडला. तोवर कोलस्टाड संघटनेच्या अध्यक्षा नव्हत्या, मात्र ऑस्लोच्या नगर परिषदेत त्या १९६० पासून सदस्य होत्या. नॉर्वेत पक्षांच्या याद्यांवर मतदान होते. त्या वेळच्या नियमानुसार स्थानिक निवडणुकीत मतदाराला यादीतील नावे खोडण्याची आणि पसंतीच्या उमेदवारांना जादा मत देण्याची मुभा होती. अनेक स्त्रियांनी या मुभेचा पद्धतशीर उपयोग केला. पुरुषांची नावे खोडून स्त्रियांची नावे वर आणली. ऑस्लो, ट्रोंडहाइम आणि आस्कर येथे स्त्रियांचे बहुमत झाले. आस्करमधील मोहिमेत समाजशास्त्रज्ञ बेरित ओस आघाडीवर होत्या. देशभरातील प्रमाण सुमारे १५ टक्क्यांवर पोहोचले. वृत्तपत्रांनी या घटनेस ‘स्त्रियांचा उठाव’ अशा अर्थाचे नाव दिले आणि तेच रूढ झाले. मतपत्रिकेवरील नियमांचे तंतोतंत पालन करून झालेल्या निवडणुकीस उठाव म्हणावे, आणि त्याआधी पुरुषांनी नव्वद टक्क्यांहून अधिक जागा व्यापलेल्या निवडणुकांना मात्र केवळ निवडणूक म्हणावे, यातील विसंगती त्या वेळी फार थोड्यांना जाणवली. तिन्ही ठिकाणचे हे बहुमत पुढे टिकले नाही.

मंत्री आणि पक्षाध्यक्ष

कोलस्टाड काही काळ संसदेत (स्टोर्टिंग) ऑस्लोमधून उपप्रतिनिधी होत्या. नॉर्वेच्या पद्धतीत मंत्री झालेल्या किंवा गैरहजर असलेल्या सदस्याच्या जागी त्याच यादीतील उपप्रतिनिधी बसतो. ऑस्लो नगर परिषदेतील त्यांचे सदस्यत्व १९७५ पर्यंत चालू राहिले.

सप्टेंबर १९७२ मध्ये युरोपीय समुदायात सामील होण्याच्या प्रश्नावर नॉर्वेत सार्वमत झाले. मतदारांनी प्रस्ताव फेटाळल्यामुळे त्रिग्वे ब्राटेली यांच्या मजूर पक्षाच्या सरकारने राजीनामा दिला. ऑक्टोबरमध्ये ख्रिश्चन पीपल्स पार्टीचे लार्स कोर्व्हाल्ड यांनी तीन लहान पक्षांचे अल्पमतातील सरकार बनविले आणि त्यात कोलस्टाड यांच्याकडे ग्राहक व्यवहार आणि प्रशासन हे खाते आले. हे सरकार वर्षभरच टिकले. त्यांच्या कार्यकाळात, १९७३ च्या आरंभी, नवा विपणन कायदा अमलात येऊन ग्राहक ऑम्बुडचे कार्यालय सुरू झाले. कायद्याचे श्रेय आधीच्या सरकारकडे जाते. मात्र सामान्य नागरिकाने विनाशुल्क तक्रार करावी, अधिकाऱ्याने आधी समजुतीने आणि न जमल्यास निर्णयाने ती मिटवावी, ही पद्धत त्यांना येथे मंत्री म्हणून जवळून पाहता आली. समानता ऑम्बुडची रचना पुढे याच धर्तीवर झाली.

पक्षाच्या दृष्टीने ही वर्षे विपत्तीची होती. युरोपीय समुदायाच्या प्रश्नावरून व्हेन्स्ट्रे पक्ष १९७२ च्या अखेरीस रोरोस येथील अधिवेशनात फुटला. १९६९ मध्ये त्याचे १३ सदस्य संसदेत निवडून आले होते. १९७३ मध्ये मूळ पक्षाचे केवळ २ सदस्य उरले. अशा स्थितीत १९७४ मध्ये कोलस्टाड यांनी अध्यक्षपद स्वीकारले. नॉर्वेत पक्षाध्यक्षपदापर्यंत पोहोचलेल्या पहिल्या महिलांत त्यांची गणना होते. याच सुमारास डाव्या बाजूच्या पक्षाचे नेतृत्व बेरित ओस यांच्याकडे होते. फुटीने पक्षाची झालेली हानी कोलस्टाड यांच्या कार्यकाळात भरून निघाली नाही आणि १९७७ च्या निवडणुकीतही संख्या दोनच राहिली. स्त्रियांकडे नेतृत्व येते ते बहुधा पद कोणाला नको असते तेव्हा, असे राजकारणाचे अभ्यासक म्हणतात. व्हेन्स्ट्रेच्या बाबतीत हे विधान सर्वस्वी चूक म्हणता येत नाही.

संयुक्त राष्ट्रसंघातील कार्य

१९६९ ते १९७५ या काळात कोलस्टाड संयुक्त राष्ट्रसंघाच्या महिला दर्जाविषयक आयोगाच्या सदस्य होत्या. १९६७ मध्ये आमसभेने स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाच्या निर्मूलनाची घोषणा स्वीकारली होती. परंतु घोषणा राष्ट्रांवर बंधनकारक नसते. बंधनकारक करार असावा असा विचार आयोगात या वर्षांत पुढे आला आणि त्यातूनच १८ डिसेंबर १९७९ रोजी स्वीकारण्यात आलेला, पुढे ‘सीडॉ’ या नावाने परिचित झालेला करार आकारास आला. १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष पाळावे ही सूचनाही याच आयोगातून आली होती. नॉर्वेने सीडॉला १९८१ मध्ये मान्यता दिली.

समानता कायदा

नॉर्वेजियन भाषेत या कायद्याच्या नावात ‘लीकस्टिलिंग’ हा शब्द आहे. ‘लीक’ म्हणजे सारखे आणि ‘स्टिलिंग’ म्हणजे स्थान. मराठीत ‘समान दर्जा’ हा त्याला जवळचा प्रतिशब्द होईल. कायदा ९ जून १९७८ रोजी संमत झाला आणि १५ मार्च १९७९ पासून अमलात आला.

त्याच्या स्वरूपावरून वर्षानुवर्षे वाद झाला होता. १९७० च्या दशकातील नव्या स्त्रीमुक्ती गटांना आणि डाव्या पक्षांना स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाला विरोध करणारा कायदा हवा होता. स्त्री आणि पुरुष दोघांनाही सारखेच लागू होणारे तटस्थ कलम, ज्याचे वर्चस्व आहे त्याच्याच उपयोगी पडेल अशी त्यांची भीती होती. उद्योजकांना आणि काही उजव्या गटांना मुळात कायदाच नको होता. अखेरीस जो मसुदा संमत झाला त्यात भेदभाव दोघांच्याही बाबतीत निषिद्ध ठरला, पण पहिल्याच कलमात ‘विशेषतः स्त्रियांची स्थिती सुधारणे’ हा उद्देश नमूद झाला. स्त्रियांना पुढे आणण्यासाठी केलेला वेगळा व्यवहार त्यामुळे बेकायदा ठरत नव्हता. नोकरभरती आणि जाहिराती, समान मोलाच्या कामासाठी समान वेतन, शिक्षण यांसंबंधी वेगळी कलमे होती. धार्मिक समुदायांचा अंतर्गत कारभार कायद्यातून वगळण्यात आला. कौटुंबिक जीवनाला कायदा तत्त्वतः लागू होता, मात्र ऑम्बुड वा मंडळ यांना तेथे अंमलबजावणीचा अधिकार नव्हता. म्हणजे घरातील कामाची वाटणी, जिच्यामुळे वेतनाचा प्रश्न मुळात उद्भवतो, ती यंत्रणेच्या कक्षेबाहेर राहिली.

ऑम्बुड म्हणून कार्य

‘ऑम्बुड’ किंवा ‘ओम्बुड्समन’ ही स्कँडिनेव्हियातील संस्था. स्वीडनने १८०९ च्या राज्यघटनेत शासकीय कारभारावर देखरेख ठेवण्यासाठी ती निर्माण केली. भारतात तिच्यासाठी ‘लोकपाल’ हा शब्द लक्ष्मीमल्ल सिंघवी यांनी १९६३ मध्ये सुचविला आणि महाराष्ट्रात १९७१ च्या कायद्याने लोकायुक्त हे पद आले. मराठी वाचकास त्यामुळे ही कल्पना अपरिचित नाही. समानता ऑम्बुड मात्र एका बाबतीत वेगळा आहे. लोकपाल वा लोकायुक्त यांची नजर शासनावर असते. समानता ऑम्बुडच्या कक्षेत खाजगी मालक, बँका, संस्था हे सारे येतात.

कोलस्टाड यांनी हे पद स्वीकारले तेव्हा त्या ६० वर्षांच्या होत्या. जगात कोठेच नमुना नसल्यामुळे कार्यालयाची कार्यपद्धती त्यांना घडवावी लागली. कोणीही, स्त्री वा पुरुष, स्वतःसाठी किंवा संघटनेमार्फत, विनाशुल्क तक्रार करू शके. वकिलाची गरज नसे. ऑम्बुड स्वतःहूनही प्रकरण हाती घेऊ शके. दोन्ही बाजूंचे म्हणणे मागवून कायदा मोडला गेला आहे की नाही याविषयी मत दिले जाई आणि संबंधितांनी स्वेच्छेने सुधारणा करावी असा प्रयत्न होई. ते न जमल्यास प्रकरण स्वतंत्र तक्रार मंडळाकडे जाई आणि मंडळ मनाईचा आदेश देऊ शके.

या पद्धतीवर दोन्ही बाजूंनी टीका झाली. मालकवर्गाच्या मते ती अनावश्यक ढवळाढवळ होती. स्त्रीवादी टीका अधिक मूलगामी होती : एकेका स्त्रीने पुढे येऊन, बहुधा स्वतःच्याच मालकाविरुद्ध, तक्रार करावी आणि मग न्याय मिळावा, यात जोखीम तिच्यावरच पडते. शिवाय जेथे परिचारिका सगळ्या स्त्रियाच आहेत आणि अभियंते सगळे पुरुष, तेथे तुलना कोणाशी करावयाची? ‘समान मोलाचे काम’ म्हणजे काय हा वाद नॉर्वेत पुढेही चालू राहिला आणि कायद्याच्या पहिल्या दशकात त्याचे समाधानकारक उत्तर निघाले नाही, हे मान्य करावे लागते.

जेथे आकड्यांत मोजता येत होते तेथे प्रगती जलद झाली. शासकीय समित्या आणि मंडळे हे त्याचे उदाहरण. १९८१ मध्ये कायद्यात २१ वे कलम घालण्यात आले आणि अशा समित्यांवर दोन्ही लिंगांचे प्रतिनिधी असलेच पाहिजेत असे बंधन आले. १९८८ मध्ये हे बंधन किमान ४० टक्के असे स्पष्ट झाले. ‘योग्य स्त्री उपलब्ध नाही’ या नेहमीच्या उत्तरास यामुळे जागा उरली नाही. नेमणूक करणाऱ्यालाच ती शोधावी लागली.

संसदेतील स्त्रियांचे प्रमाण १९६९ मध्ये ९ टक्के, १९७७ मध्ये २४ टक्के आणि १९८५ मध्ये ३४ टक्के झाले. १९८१ मध्ये ग्रो हार्लेम ब्रुंटलांड नॉर्वेच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या. १९८६ मधील त्यांच्या दुसऱ्या मंत्रिमंडळात १८ पैकी ८ मंत्री स्त्रिया होत्या. निवडणुकीच्या याद्या मात्र २१ व्या कलमाच्या कक्षेत येत नव्हत्या. ही वाढ मुख्यतः पक्षांनी स्वतःहून स्वीकारलेल्या राखीव प्रमाणामुळे झाली. कायद्याने घडलेले आणि पक्षांतर्गत दबावाने घडलेले यांची गल्लत अनेक लेखनांत आढळते.

उत्तरकाळ

१९८८ मध्ये कोलस्टाड निवृत्त झाल्या व त्यांच्या जागी इंग्से स्टाबेल आल्या. शेजारच्या देशांनी तोवर हा नमुना उचलला होता : स्वीडनमध्ये १९८० मध्ये आणि फिनलंडमध्ये १९८७ मध्ये समानता ऑम्बुडची कार्यालये सुरू झाली. कोलस्टाड यांचे २६ मार्च १९९९ रोजी ऑस्लो येथे निधन झाले. चार वर्षांनी, २००३ मध्ये, नॉर्वेच्या संसदेने मोठ्या भागधारक कंपन्यांच्या संचालक मंडळांनाही सुमारे ४० टक्क्यांचे प्रमाण लागू करणारा कायदा केला. २००६ पासून समानता ऑम्बुडचे कार्यालय वंश, धर्म इत्यादी कारणांवरून होणाऱ्या भेदभावाची प्रकरणे हाताळणाऱ्या यंत्रणेत विलीन करून ‘समानता आणि भेदभाव-विरोधी ऑम्बुड’ असे एकच पद ठेवण्यात आले आहे.